दुसरी वेलांटी

सूरच्या दवाखान्यात बताक्याची रांग.
दर दोन वर्षांनी कार्ड नवं, रक्त नवं, फोटो मात्र
आधीच्यापेक्षा जुना.
माझं टोकन सत्त्याण्णव.
काचेपलीकडे रोझाली, मनगटाला गुलाबी रबरबँड,
नजर पडद्यावरच :
व्हेअर डू यू लिव्ह?

मी म्हणालो, एप्रिल.

ती थांबली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.
एप्रिल, मॅडम. फॉर्टी डेज.

मागून कुंजप्पनने पाठीत बोट खुपसलं,
अरे, पत्ता विचारतेय ती. रजा नाही.

माझ्या कानाला दोन्ही सारखेच.
चौथीत पेठे बाई फळ्यावर खडू आपटायच्या :
दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब,
वेलांटी फिरली की माणूस फिरतो.
शुद्धलेखनात मला दहापैकी चार.
पाणि म्हणजे हात, हे तर बाईंशिवाय
कुणाच्याच तोंडून कधी ऐकलं नाही,
आणि आता बावीस वर्षं
समुद्रातलं मीठ उपसणाऱ्या प्लांटवर
पाण्यापायी पाणि झिजवतोय.
बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, वाक्यात उपयोग बरोबर.
या गावाचं नावही बघा, सूर.
ऱ्हस्व लिहिलं तर देव होतील सगळे,
आणि देवांना कशाला लागतोय बताका?

लिव्ह : पहिली वेलांटी. राहणे.
लीव्ह : दुसरी. सुट्टी, शिवाय सोडून जाणे,
शिवाय मागे ठेवणे,
एवढं सगळं त्या एका लांबवलेल्या ईत.
कुंजप्पन म्हणतो, ओठ ताण, हसल्यासारखे. लीऽव्ह.
मी ओठ ताणतो. येतं ते तिसरंच काहीतरी.

राहतो कुठे, तर
कंपनीची पोस्टपेटी, मग एक आकडा,
मग चार खाटांची खोली,
ज्यातल्या तीन खाटांवरची माणसं बदलत गेली
आणि चौथीवरची गादी.

एप्रिलमध्ये मी केळशीला असतो.
विहिरीचा पंप, बँकेचं केवायसी,
सावनीच्या दातांच्या तारा,
मेहुण्याशी जमिनीवरून एक ठरलेलं भांडण.
एक दाढ तर वर्षभर दुखत ठेवतो,
तिथे काढायची म्हणून.
वाटेत भेटेल तो विचारतो,
कधी आलास परत कधी,
मध्ये साधा स्वल्पविराम नाही.
एकेचाळिसाव्या दिवशी बॅग रिक्षात,
आणि मी उंबऱ्याबाहेरून म्हणतो, येतो.
जातो म्हणायचं नसतं आमच्यात.
जाणाऱ्याने येतो म्हणायचं,
आणि राहणाऱ्यांनी ते खरं मानायचं.
सावनी लहानपणी मानायची.
येतो म्हणालो की चप्पल घालून अंगणात उभी,
कुठून येणार ते बघायला.
आता सतराची आहे. मोबाइलमधूनच म्हणते, हं, या.

रोझालीला यातलं काय सांगणार?
तिचंही एक बेट असेल कुठेतरी, आणि त्या बेटाचा
एखादा महिना.

तिने पडदा माझ्याकडे वळवला.
माझं नाव, जन्मतारीख, देश,
आणि शहराच्या चौकटीत, ठळक अक्षरात, एप्रिल.
सवयीने टाइप झालं होतं तिच्याकडून.
हसली. सॉरी म्हणाली.
मी बघत राहिलो. बावीस वर्षांत
इतका बिनचूक पत्ता
माझा कुणी लिहिला नव्हता.

तिचं बोट खोडायच्या बटणावर गेलं.
शेवटचं अक्षर गेलं, मग त्याच्या आधीचं.
मला म्हणायचं होतं, लीव्ह इट, मॅडम.
दुसरीच वेलांटी, नीट, ओठ ताणून.
पण माझ्या जिभेचा भरवसा नाही,
आणि मराठीत त्याला म्हणतात
राहू दे.